दस्त्यावरचे घाव

बुर्गडॉर्फ, ३ मार्च २००३

श्री. बाल्झ हेफ्टी, लिंटाल, यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला गेल्या गुरुवारपासून ओळखते, कारण त्या दिवशी तुमच्या बंदुकीच्या दस्त्यातून तुमचं नाव निघालं.

मी सालोमे इसेली. जुन्या लष्करी बंदुका दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि रविवारी त्या तीनशे मीटरवर चालवणं हा माझा नाद. माझा नवरा म्हणायचा, तुझ्या हातांना कायम तेलाचा वास येतो. आता तो बाझेलला राहतो, आणि वास अजून येतो.

तर लुत्सर्नच्या लिलावात मी १९३१ च्या बनावटीची एक कार्बाइन घेतली. घरी आणल्यावर आम्ही सगळे जे पहिल्यांदा करतो तेच मी केलं, म्हणजे दस्त्याच्या तळाची लोखंडी पट्टी उघडली. खाली घडी केलेलं कार्ड होतं. 'फ्युझिलियर हेफ्टी बाल्झ, जन्म १९२२, लिंटाल.' म्हणजे तुम्ही पायदळात शिपाई होता. नळी, बोल्ट, मॅगझिन, सगळ्यांवर एकच नंबर. शेजारी 'पी' शिक्का, म्हणजे नोकरी संपल्यावर सैन्यानं ती तुम्हालाच देऊन टाकलेली. नळी आतून आरशासारखी. इतकी निगा राखणारा माणूस मी क्वचित पाहिलाय.

आणि म्हणूनच लाकूड बघून माझं डोकं फिरलं. अक्रोडाचं असं देखणं लाकूड, आणि दस्त्याचा खालचा निम्मा भाग कुत्र्यानं चघळल्यासारखा. काय केलंत हो? तंबूच्या खुंट्या ठोकल्यात? रागावू नका, पण नळीला जीव लावायचा आणि लाकडाची ही दशा करायची, हे मला समजत नाही.

असो, काळजी नको. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग हलका पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल. उन्हाळ्यापर्यंत ती नव्या नवरीसारखी दिसेल. तुम्ही असाल, आणि मनात असेल, तर तिची हकीकत चार ओळींत कळवा. प्रत्येक बंदुकीची मी वही ठेवते.

आपली,
सालोमे इसेली


लिंटाल, ७ मार्च

इसेलीबाई,

मी आहे. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं तुमचं पत्र वाचून वाटलं.

माझी बंदूक मी कोणालाही विकलेली नाही. दिलेली नाही, हरवलेली नाही. नोव्हेंबरात आमच्या गावच्या नेमबाजी मंडळाचा कारागीर सगळ्यांच्या बंदुका तपासायला घेतो, तशी ती तिकडे गेली आहे. दर वर्षी जाते आणि मार्चअखेर परत येते. मग ती तुमच्याकडे कशी, हे तुम्ही मला सांगायचं. मी कुठून सांगणार? तुम्ही बर्नकडची माणसं गोड बोलता आणि हात मारता, हे मी सैन्यातच पाहिलंय. चोरीचा माल घ्यायचा, वर मालकालाच पत्र लिहून हकीकत मागायची. तुमच्या धिटाईला तोड नाही.

मेच्या अखेरीला गावोगावची नेमबाजी असते, ती मी एकदाही चुकवलेली नाही. लग्नाच्या वर्षी नाही, बायको गेली त्या वर्षी नाही. आणि ह्याच बंदुकीनं. तेव्हा ती मला मेच्या आत इथे पाहिजे.

आणि ऐका. लाकडाला हात लावायचा नाही. इस्त्री नाही, पॉलिश पेपर नाही, तेलाचा थेंबही नाही. जसं आहे तसं. एक ओरखडा जरी कमी झाला तरी मी कोर्टात जाईन. वय एक्याऐंशी असलं तरी ग्लारुसच्या कोर्टाचा जिना मला चढता येतो.

बा. हेफ्टी


बुर्गडॉर्फ, १२ मार्च

हेफ्टीसाहेब,

चोर? सतरा वर्षं मी हा धंदा करते. माझ्या दुकानात कागदाशिवाय एक स्क्रूही येत नाही. आणि मला एक माणूस, ज्याला मी आपण होऊन, सभ्यपणे पत्र लिहिलं, तो चोर म्हणतो. वाचताना माझे कान तापले. मग मी बाहेर जाऊन एक चक्कर मारून आले, तरी तापलेलेच होते.

सोबत लिलाववाल्यांकडून मागवलेली विक्रीच्या कराराची प्रत जोडली आहे. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, तारीख, सगळं वाचा. चष्मा लावून वाचा. योस्ट हेफ्टी, लिंटाल. पत्त्यातला घर क्रमांक तुमच्याच पत्रावर आहे तो. आता मला सांगा, बर्नकडचे हात मारतात की तुमच्या घरातले?

हे लिहिताना मला मुळीच बरं वाटत नाही. पण तुम्ही दुसरा रस्ता ठेवला नाहीत.

लाकडाचं काय ते समोरासमोर बोलू. पत्रात ते सांगता येण्यासारखं नाही.

सा. इसेली


लिंटाल, २० मार्च

इसेलीबाई,

तुम्हाला चोर म्हटलं, ते मागे घेतो. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. तेव्हा ते दोनदा वाचा, मी पुन्हा लिहिणार नाही.

योस्ट माझा मुलगा. माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. ती प्रत मी जेवणाच्या टेबलावर त्याच्या सूपच्या ताटलीशेजारी ठेवली. त्यानं वाचली, चमचा खाली ठेवला. सून उठून चुलीकडे गेली, म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "हे काय?"

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होतो."

"कधी? माझ्या मयताला?"

तर म्हणतो, तुमचे हात कापतात. म्हणतो, गेल्या मेमध्ये तुम्ही अठरापैकी सात गोळ्या शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारल्यात. खरं आहे, मारल्या. लक्ष्याच्या आकड्यात गफलत झाली. पण सातही मधल्या काळ्या गोलात बसल्या, ते कोणी बोलत नाही. शेजाऱ्याला फुकटात चांगल्या नेमाचा बिल्ला मिळाला असता. "लोक हसले, बाबा. मी अध्यक्ष आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर?" घरात बंदूक असेल तर तुम्ही ऐकणार नाही, म्हणून विकून टाकली, आणि आलेले पैसे माझ्याच खात्यात भरलेत म्हणे. मोठा उपकारच केला.

मी त्याला म्हटलं, विकायला माझी हरकत नव्हती का होती, ते सोड. पण मला विचारायचं नाही? माझं नाव आत, माझा घाम वर, आणि मला विचारायचं नाही? मी काय गोठ्यातलं वासरू आहे? तेव्हापासून मी खाली एकटा जेवतो.

आता लाकडाचं ऐका. तुम्ही खुंट्या म्हणालात ते माझ्या डोक्यात बसलंय.

फेब्रुवारी चव्वेचाळीस, क्लाउझेन खिंडीच्या वर. आम्ही सहा जण गस्तीवर होतो. आमच्या तुकडीतला कास्पार माझ्या पुढे दहा पावलांवर. वरून बर्फाचा कडा सुटला आणि कास्पार दिसेनासा झाला. फावडी घसरगाडीवर होती आणि गाडी खाली दरीत गेलेली. त्याच्या पाठपिशवीच्या पट्ट्याचं टोक तेवढं वर राहिलं होतं. घसरलेला बर्फ थांबला की सिमेंट होतो, हाताच्या नखांनी निघत नाही. मी बंदूक उलटी धरली आणि दस्त्यानं फोडायला लागलो. चाळीस मिनिटं. बर्फात दगड होते, लाकडाचे तुकडे उडत होते. तोंड निळं पडलेलं होतं, पण जिवंत निघाला.

आणि कप्तानानं मला तीन दिवस कोठडीत टाकलं. सरकारी मालाची नासधूस. बाई, आजही सांगतो, तो माणूस समोर आला असता तर मी पुन्हा कोठडीत गेलो असतो, ह्या वेळी रास्त कारणासाठी. शस्त्रागारवाल्यानं नवा दस्ता बसवायला काढला तेव्हा मी बंदूक सोडली नाही. पुढे दर तपासणीला अधिकारी विचारायचा, "हे लाकूड काय?" आणि मी म्हणायचो, "हे असंच राहणार."

कास्पार आता ब्याऐंशीचा आहे. श्वांडेनच्या वृद्धाश्रमात असतो. डोळे पूर्ण गेलेत. दर वर्षी नेमबाजी झाली की त्या संध्याकाळी मी बंदूक घेऊन त्याच्याकडे जातो आणि त्याच्या मांडीवर ठेवतो. तो त्या घावांवरून हात फिरवतो. बोलत कोणीच नाही. एकोणसाठ वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

म्हणून म्हणतो, लाकूड.

बा. हेफ्टी


बुर्गडॉर्फ, २५ मार्च

हेफ्टीकाका,

असं लिहिण्याचा हक्क मला नाही, पण तुमचं पत्र वाचल्यावर 'साहेब' लिहायला हात होईना.

मी ते केलं आहे. तुमचं पहिलं पत्र पोचलं त्याच्या दोन दिवस आधीच. एका शनिवारी, रेडिओ ऐकत, गुणगुणत. चार वेळा वाफ दिली. लाकूड इतकं छान वर आलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. जिथे लाकडाचे धागे तुटले होते तिथे वाफेनं भागत नव्हतं, म्हणून पॉलिश पेपर घासला. दोन खोल घळी राहिल्या होत्या, त्या अक्रोडाच्याच चकत्या बसवून भरल्या. सांधा शोधूनही सापडणार नाही, इतकं सुबक काम. मग तेलाचे पाच हात. तुमचं 'हात लावू नका' आलं तेव्हा ती खुंटीवर वाळत होती.

आणि बारा तारखेच्या पत्रात मी ते लपवलं. 'समोरासमोर बोलू' म्हणाले. चोर म्हटल्याचा राग होता, म्हणून वाटलं, जळू दे म्हाताऱ्याला. मी अशी आहे.

आमच्या धंद्यात नवख्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, की जुन्या बंदुकीवरचा कुठलाही व्रण आधी कोणाचा आहे ते विचारा, मग पुसा. आणि मीच चार दिवस उत्तराची वाट पाहिली नाही. पण एक सांगते, तुम्हीही पहिल्याच पत्रात कोर्टाच्या जिन्याऐवजी कास्पारकाकांचं नाव लिहिलं असतंत, तर लाकूड परत आलं नसतंच, पण निदान मी खोटं तरी बोलले नसते.

बंदूक तुमची आहे. मी ती स्वतः घेऊन येईन. पैसे, करार, काही नको.

सालोमे


लिंटाल, २९ मार्च

इसेलीबाई,

येऊ नका.

तुम्ही म्हणता, सुबक काम. तुमच्या सुबक कामाला आग लागो. मुलानं बंदूक नेली ती निदान परत मिळते. तुम्ही नेलं ते कुठून आणायचं? आंधळ्या माणसाच्या हातात मी आता काय ठेवू? तुमच्या तेलाचे पाच हात?

तुम्ही एवढ्या कारागीर आहात ना. मग जसे होते तसे घाव परत घाला. छिन्नी घ्या, दगड घ्या, काय हवं ते घ्या. पहिल्या पत्रात वर्णन तर चांगलं केलं होतंत, कुत्र्यानं चघळल्यासारखं. तसं करा आणि पार्सलनं पाठवा. कास्पारला दिसत नाही, त्याच्या बोटांना फरक कळणार नाही.

बा. हे.


बुर्गडॉर्फ, १४ एप्रिल

हेफ्टीकाका,

नाही करणार.

दोन आठवडे विचार केला. एकदा छिन्नी हातातही घेतली. पण खोटे घाव घालणं हे आमच्याकडे सगळ्यात हलकं काम. माणसं साध्या बंदुकीवर शिक्के मारतात, दस्ता साखळीनं झोडून 'युद्धात वापरलेली' म्हणून विकतात. अशा तिघांना मी दुकानातून बाहेर काढलंय. कास्पारकाकांना मी फसवणार नाही, आणि तुम्हीही फसवू नये. तुम्ही ते रागाच्या भरात लिहिलंत असं मी धरून चालते. तसं नसेल तर माझा तुमच्याविषयीचा आदर कमी होईल, आणि तो आत्ता कुठे बसला होता.

शिव्या द्या, मी खाईन. ज्या मुलानं बापाला विचारलं नाही त्याच्या हातून आलेली बंदूक मी माझ्या भिंतीवर ठेवणार नाही. सव्वीस तारखेला दुपारच्या गाडीनं येते. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन. जाड कोट आहे माझ्याकडे.

सालोमे


लिंटाल, ९ जून

सालोमे,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तू पायरीवर बसलीस, मग आत आलीस, सुनेच्या हातचे झिगर चीजचे तीन वडे खाल्लेस, आणि मी तुझ्याशी आठ शब्द बोललो असेन. लाकडावरून हात फिरवला तेव्हा मला तुझा गळा धरावासा वाटत होता. काम खरंच चांगलं होतं. त्याचाच जास्त राग आला.

तू गेल्यावर योस्ट खाली आला. म्हणाला, "एक परकी बाई गाडीत बसून चूक कबूल करायला येते. मला वरून खाली यायला सव्वा महिना लागला." मी म्हटलं, जिना उंच आहे. मग आम्ही एकत्र जेवलो.

नेमबाजी झाली. योस्ट माझ्या मागे बसून प्रत्येक गोळीआधी लक्ष्याचा आकडा ओरडत होता, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. मी त्याला दोनदा गप्प बस म्हटलं. अठराच्या अठरा माझ्याच लक्ष्यावर लागल्या. बिल्ला दोन गुणांनी हुकला. आकडे ओरडून त्यानंच माझं चित्त घालवलं, हे मी मंडळाच्या वहीत लिहायला लावलं आहे.

आता खरं ते सांगतो.

संध्याकाळी श्वांडेनला गेलो. सगळ्या वाटेत कास्पारला काय सांगायचं ते जुळवत होतो. सगळा दोष तुझ्यावर टाकणार होतो. बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं हात फिरवला, खाली नेला, परत वर आणला. मग थांबला.

"हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "बर्नकडच्या एका बाईनं. अडाणीपणा. मी तिला सोडलेलं नाही, चांगलं सुनावलंय."

"तिला माझा नमस्कार सांग," कास्पार म्हणाला.

मला वाटलं, वयानं डोकं गेलं. मी म्हटलं, "अरे, घाव गेले. सगळे गेले. कळतंय का तुला?"

"मला बोटं आहेत, बाल्झ. आणि मी एकोणसाठ वर्षं वाट बघतोय." मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "दर वर्षी तू ते लाकूड माझ्या हातात देतोस. दर वर्षी मी परत त्या बर्फाखाली जातो. तोंडात बर्फ, छातीवर बर्फ, आणि वरून तुझे ठोके. तू गेलास की आठ दिवस मी दिवा विझवू देत नाही. आंधळा झालो तरी देत नाही. माझी बायको हिल्डा होती तोवर मे महिना आला की तीही माझ्या उशाशी रात्र रात्र जागायची."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू मला बाहेर काढलंस. तुला काय बोलणार होतो मी?"

सालोमे, मला आधी त्याचाच संताप आला. त्याच्यासाठी कोठडी भोगली, त्याच्यासाठी प्रत्येक अधिकाऱ्याशी भांडलो, आणि हा. बंदूक उचलली आणि निरोप न घेता निघालो. स्टेशनवर गाडी आली, तिच्यात चढलो नाही. पुढची आली, तिच्यातही नाही. योस्टला मी म्हटलं होतं, मला विचारायचं नाही? तुलाही तेच लिहून कळवलं होतं. त्या बाकावर बसून मी आठवत होतो, कास्पारला मी कधी विचारलं होतं का. एकदाही नाही.

काल रविवार होता. मी रिकाम्या हातानं गेलो. कॉरिडॉरमध्ये माझी पावलं त्यानं ओळखली असणार, कारण मी दारात पोचलो तेव्हा त्यानं दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले होते. माणूस आजारी पडल्यावर घेतो तसे नव्हे. लपवले होते. मी आजवर ते कधी पाहिलंच नव्हतं. आधी खोलीत शिरून बंदूकच पुढे करायचो.

मी म्हटलं, "आणली नाही, कास्पार. परत आणणार नाही."

मग त्यानं हात बाहेर काढले.

बाल्झ